सदाफुली, नरक्या आणि केमो

आमच्या मुळशीत कुणाच्या दुःखात भेटायला गेलं, की ओटीवर बसल्या बसल्या एक वाक्य हमखास कानावर येतं. "कॅन्सरनं नाही हो गेला, केमोनं गेला." सांगणारा खात्रीनं सांगतो, ऐकणारे माना डोलावतात, आणि कोपऱ्यात बसलेली एखादी बाई, जिच्या छातीतली गाठ अजून तिनं घरातही कुणाला दाखवलेली नाही, ती हे वाक्य मनात घेऊन घरी जाते. पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

या वाक्याशी आज जरा भांडायचं आहे. भांडायचा अधिकार मला आहे असं मी समजते, कारण २०२२ च्या जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत केमोचे सहा डोस मी स्वतः घेतले आहेत. तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली आणि हयातभर व्याकरण शिकवलेली बाई आहे. त्यामुळे जे सांगेन ते सोसलेलं, डॉक्टरांना विचारून घेतलेलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलेलं.

आणखी एक कारण आहे. आमच्या शेजारच्या वाडीतली एक बाई, माझ्या मुलीच्या वयाची. तिचा तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, आधी केमो, मग ऑपरेशन. घरात बैठक बसली आणि ठरलं, की केमो नको, झाडपाल्याचं औषध देणारे एक आहेत त्यांच्याकडे जाऊ. "बाई, ते विष आहे ना?" असं तिनं मला विचारलं. तिला मी दोन तास बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. नातलगांपैकी कुणावर ही वेळ न येवो, पण आलीच तर उपयोगी पडेल.

आधी विषाचं बोलू. हो, ते विषच आहे. हे लपवून काही साधत नाही. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅस नावाचा विषारी वायू वापरला गेला. त्यानं मेलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्याच जातीचं रसायन एका लिम्फोमाच्या रुग्णाला शिरेतून दिलं गेलं. गाठी वितळल्या. त्या परत आल्या हेही खरं, पण गाठ औषधानं वितळू शकते हे माणसाला तेव्हा कळलं. मला दिलेल्या औषधांपैकी एक, सायक्लोफॉस्फामाइड, त्याच घराण्यातलं आहे.

आता झाडपाल्याचं ऐका. माझ्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या शेजारी सदाफुली आहे. पांढरी आणि जांभळट गुलाबी, दोन्ही. तुमच्याही दारात असेल. आमच्याकडे साखर असलेले बरेच लोक सकाळी उठून तिची पानं किंवा फुलं चावून खातात. असाच काढा वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरही लोक मधुमेहावर घेत. १९५० च्या दशकात कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या शास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. रक्तातली साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. साखरेचं औषध शोधायला गेलेल्यांना रक्ताच्या कॅन्सरचं औषध सापडलं. आधी व्हिनब्लास्टिन आणि मग व्हिनक्रिस्टिन. १९४० च्या दशकात ल्युकेमिया झालेलं मूल काही महिन्यांत जात असे. आज चांगल्या केंद्रांत दहातली आठ किंवा त्याहूनही जास्त मुलं बरी होतात, आणि त्यांच्या औषधांत सदाफुलीचं व्हिनक्रिस्टिन अजून असतंच. माझ्याही सहाच्या सहा डोसांत ते होतं.

मग कुणी म्हणेल, सदाफुलीच खाऊ की! तिथंच तर खरी मेख आहे. एक ग्रॅम औषध मिळवायला शेकड्यांनी किलो सुकी पानं लागतात. आणि मोठ्या माणसाला एका वेळी ते साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण त्यापलीकडे नसा निकामी होण्याची भीती. ग्रॅमचा पाचशेवा भाग! तोही शिरेतूनच. पानात किती आहे, कोणत्या झाडात जास्त, पोटातून किती अंगात जाईल, याचा कसलाच हिशेब चावून खाणाऱ्याला नसतो. म्हणजे 'झाडपाला की केमो' हा प्रश्नच चुकीचा आहे. माझा केमो थोडाफार झाडपालाच होता. फरक मोजमापाचा आहे, आणि ते मोजमाप बसवायला लागलेल्या वर्षांचा आहे.

ही वर्षं किती असतात त्याचं एक उदाहरण आपल्या सह्याद्रीतलंच आहे. नरक्या नावाचं झाड पुष्कळांना ठाऊक असेल. घाण वास येतो म्हणून नरक्या. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते १९६६ मध्ये अमेरिकेत, एका चिनी झाडापासून. काढणारे दोघे, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिका. पुढे १९७० च्या दशकात तेच द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांना नरक्यात सापडलं आणि मग या झाडाची अशी काही तोड झाली की विचारू नका. पण गंमत पुढे आहे. ते द्रव्य सुरुवातीला रुग्णांना दिलं तेव्हा जुलाब आणि मूत्राशयाचा त्रास इतका झाला की प्रयोग थांबवावे लागले. त्यात बदल करून सोसवेल असं औषध अमेरिकेत बाजारात यायला १९९६ साल उजाडलं. तीस वर्षं! याच वॉल आणि वाणींनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली आणि औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली १९९२ मध्ये. स्तनाच्या कॅन्सरच्या असंख्य बायकांना आज ते दिलं जातं. वाणी २०२० मध्ये वारले. नंदुरबारच्या या माणसाचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं, पण तो विषय वेगळा.

माझ्या शेजारणीला मी एवढंच म्हटलं, "अगं, ज्यांच्याकडे तू निघालीस त्यांच्या पुडीत काय आहे, किती आहे, आणि त्यानं आधीच्या शंभर जणांचं काय झालं, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन ये. डॉक्टरांनाही हेच तीन प्रश्न विचार. ज्याच्याकडे उत्तरं असतील त्याचं ऐक."

आता त्रासाबद्दल. इथे मला डॉक्टर मंडळींशीही थोडं भांडायचं आहे. "थोडा अशक्तपणा येईल, केस जातील, बाकी काही नाही" एवढ्यावर बोळवण केलेली रुग्णाला पुढे फार महागात पडते. आधी सांगितलेला त्रास माणूस सोसतो. न सांगितलेला त्रास आला की त्याला वाटतं आपण मरायला लागलो, आणि तो उपचार सोडतो.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. पण शरीरात तशा वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरात, आणि हाडांच्या मगजात, जिथे रक्त तयार होतं. भाताच्या खाचरात भातासारखंच दिसणारं तण उगवलं तर उपटताना थोडा भातही हातात येतोच, तसं हे. त्यामुळे केस, तोंड, पोट आणि रक्त या चार ठिकाणी त्रास होणार हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावं. भात पुन्हा उभा राहतो. दोन डोसांच्या मधे जे तीन आठवडे सोडतात ते त्याच्यासाठीच.

माझा आजार लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींचा. दर एकवीस दिवसांनी पाच औषधं. चार सलाइनमधून, पाचवं गोळ्यांचं. पहिल्या दिवशी पहिलंच औषध चढताना अशी हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. सिस्टरनं बाटली थांबवली, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासानं पुन्हा हळू चालू केली. "आजी, पहिल्या वेळी होतं असं, पुढच्या वेळी नाही होणार," म्हणाली आणि खरंच झालं नाही. मग एक लालभडक औषध, रूहअफजासारखं. ते झाल्यावर लघवीही लाल होते. हे मला आधी सांगितलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर संडासातच घेरी आली असती.

उलट्यांची मला सर्वांत जास्त धास्ती होती. जुन्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टी डोक्यात होत्या. पण १९९० च्या दशकापासून उलटीवरची फार चांगली औषधं आली आहेत आणि ती केमोच्या आधीच देतात. सहा डोसांत मला दोनदा उलटी झाली, बस्स. पण वास! वासांनी मात्र माझा जीव नकोसा केला. आमचा आंबेमोहोर शिजताना सगळ्या आळीला कळतो. जन्मभर ज्या वासानं भूक लागली त्याच वासानं मी पदर नाकाला लावून परसात जाऊन बसायची. त्या वर्षी गौरींचा नैवेद्य सूनबाईनं एकटीनं केला आणि मला ओसरीवर दहीभात आणून दिला. पाण्याला लोखंडाची चव. तोंडात फोड. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या, मऊ ब्रश, आणि तिखट बंद. एवढ्यानं निभावलं.

सतराव्या दिवशी केस उशीवर यायला लागले. शाळेत असल्यापासून माझी वेणी कमरेपर्यंत होती. मुलगा म्हणाला, आई, कापून टाकू, म्हणजे रोज रोज त्रास नको. कापले. पुष्कळजणी म्हणतात की केसांचं काय एवढं, परत येतात. येतात, माझेही आले, आधी कुरळे आणि मग सरळ. पण ज्या दिवशी जातात त्या दिवशी "त्यात काय एवढं" म्हणू नये. तेवढा दिवस बाईला रडू द्यावं.

ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही असे दोन त्रास सांगते. एक म्हणजे बद्धकोष्ठ. सदाफुलीचं औषध आतड्याच्या नसा मंदावतं. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं, चौथ्या दिवसापर्यंत लाजत बसू नये. दुसरा म्हणजे बोटांच्या मुंग्या. चौथ्या डोसानंतर मला ब्लाउजचे हूक लावता येईनात, पेन धरला तर अक्षर गिचमिड. मी, जिनं हजारो पोरांचं अक्षर सुधारलं! डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या औषधाचं प्रमाण कमी केलं. प्रमाण कमी करता येतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. न सांगता सोसत राहणं यात काही शौर्य नाही. बोटं अजून थोडी बधिर आहेत. मटार सोलताना कळतं. पण मटार सोलते आहे.

आणि पाच दिवस घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या. त्या पाच दिवसांत झोप नाही, भूक राक्षसासारखी, रात्री दोनला डबे उघडून लाडू खाल्लेत मी. सहाव्या दिवशी गोळी बंद आणि अंगातली सगळी हवा जाते. हे दर वेळी तसंच होणार हे कळल्यावर आम्ही कॅलेंडरवर खुणाच करून ठेवल्या. सहावा, सातवा आणि आठवा दिवस 'कुणी येऊ नये' म्हणून.

आता सर्वांत महत्त्वाचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. शरीराच्या वेशीवर पहारेकरी नाही अशी स्थिती. त्या दिवसांत ताप आला, म्हणजे थर्मामीटरमध्ये १००.४ किंवा त्याहून जास्त, तर ती 'उद्या बघू' अशी गोष्ट नाही. क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, कारण ताप झाकला जातो आणि आतला जंतू वाढत राहतो. त्याच तासाला हॉस्पिटलला फोन, आणि निघायचं. रात्र असो, पाऊस असो, अमावास्या असो.

मला दुसऱ्या डोसानंतर दहाव्या दिवशी ताप आला. आषाढी नुकतीच होऊन गेली होती आणि आपल्या मुळशीचा जुलैमधला पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. रात्रीचे साडेदहा. अंगात फार काही वाटतही नव्हतं, जरा कसंतरी होतंय एवढंच. पण सूनबाईनं थर्मामीटर लावला, १००.८. पहिल्या डोसाच्या वेळी सिस्टरनं एका कागदावर '१००.४ = लगेच' एवढंच मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं आणि सूनबाईनं तो कागद फ्रिजवर चिकटवला होता. गाडी काढली. चांदणी चौकाचं काम तेव्हा चालूच होतं, त्यात पाऊस. पोचायला दीड तास लागला. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तीनशे निघाल्या, जिथे दीड हजाराच्या वर हव्यात. ताबडतोब शिरेतून अँटिबायोटिक, चार दिवस मुक्काम, आणि घरी. पुढच्या डोसांपासून पेशी वाढवणारं इंजेक्शन दिलं, पुन्हा तसं झालं नाही.

सकाळपर्यंत थांबलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. म्हणजे कदाचित तुम्हीही माझ्या ओटीवर बसून म्हणाला असता, "कॅन्सरनं नाही हो, केमोनं गेली."

म्हणून मला वाटतं की ते वाक्य अगदी खोटंही नाही. केमो चालू असताना काही माणसं खरोखर जातात, आणि त्यातली कितीतरी अशा तापानं जातात. पण त्यावरचा उपाय केमो नाकारणं हा नाही. थर्मामीटर, कागदावर लिहिलेला आकडा, हाताशी फोन नंबर, आणि रात्री गाडी कुणाची हे आधी ठरवून ठेवणं हा आहे. पुण्यात डेक्कनवर राहणाऱ्याला हे कळायला उशीर झाला तर रिक्षानं निभावेल. ताम्हिणीच्या अलीकडच्या वाडीतल्या माणसाला नाही निभावणार. माझं स्पष्ट मत आहे की केमो सुरू होण्याआधी प्रत्येक रुग्णाला मराठीत, मोठ्या टायपात छापलेला एक कागद मिळालाच पाहिजे. कोणत्या दिवशी काय होईल, कशाला घाबरायचं नाही आणि कशाला घाबरून धावायचं. तो मिळाला नाही तर मागून घ्यावा. आणि आपल्याकडच्या आशाताईंनाही १००.४ चा अर्थ सांगितलेला असावा. एवढं काही अवघड नाही.

आता थोडं 'लढवय्यां'बद्दल. मनोहर पर्रीकरांनी जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना गोव्याचा अर्थसंकल्प मांडला, दीड महिन्यात ते गेले. युवराजसिंग २०१२ मध्ये केमो घेऊन त्याच वर्षी भारताकडून पुन्हा खेळला. आपले शरद पोंक्षे केमो संपवून २०१९ मध्ये 'हिमालयाची सावली' घेऊन रंगमंचावर उभे राहिले. सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मला भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ही उदाहरणं मला दिली आणि प्रत्येक वेळी मी थोडी खचले. कारण आठव्या दिवशी मला न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. युवराज तिशीतला खेळाडू! आजार म्हणजे सामना नाही की जिद्दीवर जिंकता येईल. जो बरा होतो तो जास्त शूर आणि जो जातो तो कमी पडला, असा अर्थ त्यातून नकळत निघतो, आणि तो जाणाऱ्यावर अन्याय आहे. मी बरी झाले त्याचं कारण माझी जिद्द नाही. माझ्या जातीच्या लिम्फोमात या औषधांनी दहातले सहाएक बरे होतात, मी त्या सहांत निघाले. औषधाला पूर्ण दाद न देणाऱ्या गाठी असतात, उपचार थांबवणंच शहाणपणाचं ठरतं अशीही वेळ असते. तेव्हा वेदना कमी करणारे उपचार मागावेत. तो पराभव नसतो.

रुग्णापासून आजार लपवण्याचं तर माझ्या अजिबात गळी उतरत नाही. "आजींना सांगू नका, हाय खातील." अहो, ज्यांनी नवऱ्याला पोचवलं, दुष्काळ काढले, पोरं वाढवली, त्या एका शब्दानं हाय खातील? माझ्यासोबत एक आजी होत्या, त्यांना 'शक्तीची सलाइन' म्हणून सांगितलं होतं. शक्तीच्या सलाइननं केस का गेले हे त्या मला विचारायच्या. मी काय सांगणार? ज्याला आजाराचं नावच ठाऊक नाही तो ताप आल्यावर धावेल कशाला?

पैशांचं आणि जाण्यायेण्याचं बोलल्याशिवाय पुरं होत नाही. आमच्या तालुक्याचं टाटांशी असलेलं नातं साधं नाही. धरणासाठी गावं बुडणार म्हणून १९२१ ते १९२४ इथं सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली, तरी धरण झालंच. त्या काळी टाटांचे प्रमुख होते सर दोराबजी. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या. वर्षभरात दोराबजीही गेले आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उभं राहिलं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली त्यांच्या पुढच्या पिढ्या त्या दारात जातात आणि बऱ्या होऊन येतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीनं दुसरी पुसली जात नाही. तिथे जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगेमहाराजांची धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही नावं लिहून ठेवा. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे. उपचारासाठी जाताना रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारायला लाजू नये.

नातलगांसाठी शेवटचं. केमो चालू असलेल्याकडे जाताना सर्दी असेल तर जाऊ नका. कापलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर नेऊ नका, गरम मुगाची खिचडी न्या. व्हॉट्सअॅपवर आलेला उपाय पाठवू नका. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, कारण कुणी सांगत नाही. त्यापेक्षा "बुधवारी गाडी मी आणतो" म्हणा. मला सर्वांत मोठी मदत कुणाची झाली असेल तर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. दर एकवीस दिवसांनी सकाळी सहाला तो दारात उभा. "बाई, चला." एवढंच बोलायचा. सहाही वेळा.

शेजारणीचं पुढं काय झालं, असं विचाराल. तिनं ते तीन प्रश्न दोन्हीकडे विचारले. मागच्या महिन्यात तिचा पहिला डोस झाला. दुसरा कधी आहे ते तिच्या फ्रिजवर लिहिलेलं आहे, आणि त्याच्याखाली १००.४.